बालपणाला मार्क देणारे तुम्ही कोण?

‘नोंद कुठे आहे?’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पोलीस चौकीत तो विचारतात, कोर्टात विचारतात, सासरच्या बैठकीत मामा-काका विचारतात. आता तोच प्रश्न शास्त्राचा पांढरा कोट घालून आला आहे आणि आपल्या सल्ला केंद्रांच्या उंबऱ्यापर्यंत पोचला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लहानपणी मारहाण, हेळसांड, अपमान, लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसांना पुढे नैराश्य, भीतीचे झटके, व्यसन, आत्महत्येचे विचार यांचा त्रास जास्त होतो, हे आज जगभर मान्य आहे. चळवळीतल्या बायका हे फार आधीपासून सांगत होत्या. अमेरिकेत फ्लॉरेन्स रश यांनी १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या परिषदेत उभं राहून मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा विषय काढला. बापाने मुलीवर केलेल्या अत्याचारांवरचं ज्युडिथ हर्मन यांचं पुस्तक १९८१ चं. डॉक्टरमंडळींना जाग आली ती मात्र मोठे आकडे पाहिल्यावर. १९९८ साली फेलिटी आणि अँडा यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे कैसर या आरोग्य योजनेच्या ९,५०८ सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणातल्या वाईट अनुभवांचे त्यांनी गट पाडले. चार किंवा जास्त गट ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही गट वाट्याला न आलेल्यांपेक्षा, ४ ते १२ पट निघाला.

इथवर ठीक. भांडण पुढे आहे. ‘हिचा लहानपणी छळ झाला’ हे ठरवायचं कशावरून? संशोधकांकडे त्याच्या दोन रीती आहेत. एक, मूल लहान असतानाच कोर्टाने, दवाखान्याने, शिक्षकांनी किंवा घरी जाणाऱ्या संशोधकाने केलेली नोंद. दुसरी, मोठ्या झालेल्या माणसाला समोर बसवून किंवा कागद देऊन विचारायचं, ‘तुमच्या लहानपणी असं झालं होतं का?’ कैसरचा अभ्यास दुसऱ्या रीतीचा. आणि वर्षानुवर्षं सगळे असंच धरून चालले होते की दोन्ही रीतींनी सापडणारी माणसं साधारण तीच असणार.

ती तीच नसतात. २०१९ साली लंडनच्या बाल्डविन, डॅनीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ अभ्यासांतल्या २५,४७१ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांच्यापैकी ५२ टक्के लोकांनी मोठेपणी विचारल्यावर तो सांगितला नाही. आणि मोठेपणी ज्यांनी सांगितला त्यांच्यापैकी ५६ टक्के लोकांची लहानपणची नोंद नव्हती. म्हणजे दोन वेगळ्या जाळ्यांत दोन वेगळे घोळके अडकलेले, मधे थोडेसे सामाईक.

पाठोपाठ २०२० साली डॅनीज आणि अमेरिकेतल्या कॅथी विडम यांनी पुढची पायरी घेतली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात १९६७ ते १९७१ या काळात छळाच्या आणि हेळसांडीच्या ज्या केसेस कोर्टात शाबीत झाल्या, त्यांतली मुलं आणि त्यांच्यासारखीच पण कोर्टात नोंद नसलेली मुलं विडमबाईंनी कित्येक वर्षं जोखून ठेवली होती. त्यांतल्या १,१९६ जणांच्या, तिशीच्या आसपास घेतलेल्या मुलाखती पाहिल्या, तर जे स्वतः छळ झाल्याचं सांगत होते त्यांच्यात मानसिक आजार जास्त होते, मग कोर्टात नोंद असो वा नसो. आणि नोंद आहे पण स्वतः सांगत नाहीत, अशांचं आजाराचं प्रमाण, नोंदही नाही आणि सांगणंही नाही अशांच्या जवळपासच होतं.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. निष्कर्षामुळे नव्हे, तर त्याचा पुढे काय उपयोग होईल हे दिसत होतं म्हणून. आणि तसंच झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रशिक्षणात एक मानसोपचारतज्ज्ञ आम्हा कार्यकर्त्यांना म्हणाले, “बघा मॅडम, खरोखर घडलं त्याने आजार होत नाही, घडलं असं वाटण्याने होतो. तेव्हा तुमच्या बायकांना उगाळायला लावू नका.” चहाच्या सुट्टीत आणखी एक जण म्हणाले, याचा अर्थ अर्ध्याहून अधिक जणी रचून सांगतात. एकाच अभ्यासातून एकाने ‘विसर’ काढलं आणि दुसऱ्याने ‘खोटारडी’. दोन्ही शब्द आपल्या आज्यांनीही ऐकलेले.

यातलं काहीही त्या संशोधकांनी म्हटलेलं नाही, हे आधी स्पष्ट करू. ते म्हणतात की व्यक्तीने तो अनुभव कसा घेतला, त्याची आठवण कशी बाळगली, यावर आजाराचा मोठा भार असतो आणि उपचारात त्याकडे पाहिलं पाहिजे. पण मला मुळातच ‘नोंद म्हणजे घडलेलं खरं, आणि सांगणं म्हणजे तिला वाटलेलं’ ही वाटणी मान्य नाही. नोंद करतो कोण? नोंद हीसुद्धा कुणीतरी सांगितलेलीच गोष्ट असते. फरक इतकाच की ती सांगणारी, ठरवणारी, शिक्का मारणारी माणसं मोठी असतात आणि मूल त्यात बहुधा नसतंच.

डायना रसेल यांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत ९३० स्त्रियांना घरी जाऊन, बायकांकरवी, सावकाश विचारलं. ३८ टक्के स्त्रियांनी अठरा वर्षांच्या आत अंगाला हात घालून झालेला लैंगिक अत्याचार सांगितला. पोलिसांपर्यंत गेलेल्या घटना किती? घरातल्या माणसाने केलेल्यांपैकी २ टक्के, बाहेरच्याने केलेल्यांपैकी ६ टक्के. आता कुणी पोलिसांचं दप्तर हातात घेऊन या बायकांना म्हणालं की तुमची नोंद नाही, तर दोष बायकांच्या आठवणीचा की दप्तराचा?

आपल्याकडे तर दप्तरच नव्हतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा वेगळा कायदा, पॉक्सो, आला २०१२ साली. त्याआधी मामाने, शेजारच्या आजोबांनी, शिकवणीच्या मास्तरांनी दहा वर्षांच्या मुलीच्या अंगाशी चाळे केले तर ते भारतीय दंड संहितेच्या ३५४ कलमात, विनयभंगात, जायचे. २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत त्याला कमाल शिक्षा दोन वर्षं, म्हणून खटला दाखल करून घ्यायची मुदत तीन वर्षं. दहा वर्षांच्या मुलीने तेरा वर्षांची होईपर्यंत पोलीस ठाणं गाठायचं! आज माझ्यासमोर येऊन बसणारी चाळिशीची, पन्नाशीची बाई त्या काळातली मुलगी आहे. तिच्या बालपणाची नोंद कुठल्या कपाटात असणार होती?

आणि उलट बाजूचे, नोंद असूनही न सांगणारे? लिंडा मेयर विल्यम्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या प्रत्येक गटात वाचला गेला पाहिजे. सत्तरच्या दशकात लैंगिक अत्याचारानंतर ज्या मुलींना इस्पितळात आणलं होतं, त्यांतल्या १२९ जणींची १७ वर्षांनी मुलाखत घेतली. कागद होते, तपासणी झालेली होती. तरी ३८ टक्के जणींनी ती घटना सांगितली नाही. काही तेव्हा फार लहान होत्या. पण न सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींनी आपल्यावर झालेले दुसरे अत्याचार मोकळेपणाने सांगितले, म्हणजे केवळ लाजेने गप्प बसल्या असंही नाही. ‘आठवत नाही’ ही मनाची एक गुंतागुंतीची अवस्था आहे. त्याला बरं होणं म्हणायची घाई ज्यांना आहे, त्यांना ती का आहे हे विचारावं.

ही घाई जुनी आहे. १८९६ साली व्हिएन्नात फ्रॉइड यांनी १८ रुग्णांच्या आधारे मांडलं की ‘हिस्टेरिया’च्या मुळाशी लहानपणचा लैंगिक अत्याचार असतो. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात मित्राला पत्र लिहून त्यांनी या म्हणण्यावरचा विश्वास काढून घेतला, आणि मग कित्येक पिढ्यांच्या डॉक्टरांना शिकवलं गेलं की मुली बापाबद्दल कल्पना रचतात. १९९२ साली अमेरिकेत आरोप झालेल्या पालकांच्या पुढाकाराने ‘खोट्या स्मृती’वर एक संस्थाच निघाली. ती २०१९ च्या अखेरीस बंद झाली. त्या काळात काही उपचारकांनी संमोहन करून, पुन्हा पुन्हा सुचवून माणसांच्या तोंडी आठवणी घातल्या, हे खरं आहे आणि त्याने नुकसान झालं, हेही खरं. म्हणून तर बाईच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा केंद्रातल्या कामाचा पहिला धडा. पण सुचवणाऱ्याचा दोष आपणहून सांगणारीच्या माथी कसा मारता येईल?

आता त्या फॉर्मकडे येते. एका निधी देणाऱ्या संस्थेने, नाव घेत नाही, आमच्या केंद्राला कळवलं की यापुढे येणाऱ्या प्रत्येक बाईकडून दहा प्रश्नांचा कागद भरून घ्या. ‘हो’ला एक मार्क, ‘नाही’ला शून्य. बेरीज चार किंवा वर आली तर तिला ‘जोखमीची’ धरून मानसोपचाराकडे पाठवा. खाली आली तर नेहमीचा सल्ला. कागद कैसरच्याच अभ्यासातून आलेला. आधी सात गट होते, पुढे दहा झाले.

हे दहा प्रश्न एकदा बायकांच्या नजरेने वाचून पाहा. लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नात करणारा प्रौढ किंवा किमान पाच वर्षांनी मोठा असावा लागतो. म्हणजे सुट्टीत आजोळी तीन वर्षांनी मोठ्या मामेभावाने जे केलं ते शून्य मार्क. एक प्रश्न आहे, आईवडील विभक्त झाले किंवा त्यांचा घटस्फोट झाला का? आता हिशोब करा. नवरा मारतो म्हणून मुलीला काखोटीला मारून जी आई घर सोडते, तिच्या मुलीला मारहाण पाहिल्याचा एक आणि आई सुटल्याचा एक, असे दोन मार्क. आई तिथेच मार खात राहिली असती तर एकच! आमच्या केंद्रात येणाऱ्या निम्म्या जणींना घरचे रोज हेच ऐकवतात की मुलांसाठी तरी नांद. आता तेच दहा गुणांच्या कागदावर छापून आलं. घरात कुणी मनोरुग्ण असलं की आणखी एक मार्क, म्हणजे आजारी आई आणि मारणारा बाप एकाच रांगेत.

आणि जे नाहीच विचारलेलं? २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली. विचार करा, या मुलींची नोंद होती! जन्माच्या दाखल्यावर, शाळेच्या हजेरीपटावर, रोज सकाळी गुरुजींनी मोठ्याने वाचलेली. इतका लेखी पुरावा जगातल्या कुठल्या मानसिक छळाला मिळाला असेल? पण ते कुणाला छळ वाटलंच नाही, म्हणून नोंद असून मोजमाप नाही. दहा प्रश्नांत नाव, भावाच्या आधी न मिळालेलं दूध, धाकट्यांना सांभाळायला शाळेतून काढणं, तेराव्या वर्षी लावलेलं लग्न, वर्गात जातीवरून वेगळं बसवणं, यातलं एकही नाही. ऊसतोडीच्या फडावर आईबापांमागे फिरणाऱ्या पोरींचं बालपण त्या कागदात कुठल्या ओळीत लिहायचं?

मोजूच नये असं मी म्हणत नाही. मोजता येतं, नीट विचारलं तर. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांत, महाराष्ट्र आणि गोवा धरून, १२,४४७ मुलांना विचारलं. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला, आणि त्यांत मुलगेही मुलींइतकेच, किंबहुना थोडे जास्तच होते. मुलींच्या हेळसांडीचा तिथे वेगळा विचार झाला: भावाच्या मानाने कमी लक्ष, ताटात कमी वाटा, धाकट्यांची जबाबदारी. ७०.५७ टक्के मुलींनी घरच्यांकडून अशी हेळसांड झाल्याचं सांगितलं. ४८.४ टक्के मुलींनी म्हटलं, मुलगा झाले असते तर बरं. हा आकडा मला कुठल्याही आजाराच्या टक्केवारीपेक्षा जास्त छळतो. आणि अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे १९७८ च्या सॅन फ्रान्सिस्कोसारखंच: मुलांना विचारा तर आहे, दप्तरात बघा तर नाही.

गावाचं, राज्याचं दुखणं किती मोठं आहे हे कळायला असे आकडे लागतात. त्यांवरच पैसे मागता येतात, कायदे मागता येतात. पण समोर बसलेल्या एका बाईचं भविष्य त्या बेरजेतून निघत नाही. हे मी पदरचं सांगत नाही. २०२० साली खुद्द अँडा यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलं की हा स्कोअर व्यक्तीला लावणं हा त्याचा गैरवापर आहे. पुढच्या वर्षी बाल्डविन आणि मंडळींनी दाखवलं की गटाची सरासरी सांगणारा हाच स्कोअर कोण आजारी पडेल आणि कोण नाही हे ओळखायला फार कच्चा आहे. ज्यांनी फूटपट्टी बनवली ते म्हणतात याने माणूस मोजू नका, आणि आमचे देणगीदार म्हणतात मोजा, नाहीतर हप्ता अडेल.

शिवाय तो कागद जाणार कुठे? हे सल्ला केंद्र चालवणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. कुटुंब न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, वाद मिटवायला उपयोगी वाटेल तो अहवाल, कागद, माहिती पुरावा म्हणून घेता येते, पुराव्याच्या कायद्यात ती बसो वा न बसो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. आता कल्पना करा, पोटगीसाठी लढणाऱ्या बाईच्या फाइलीत आपल्याच हाताने लिहिलेलं आहे: बालपणाचा स्कोअर सात, मानसिक आजाराची जोखीम जास्त. नवऱ्याच्या वकिलाला आणखी काय हवं? मुलांचा ताबा मागताना हाच कागद तिच्यापुढे नाचवला जाईल. लहानपणी बापाने मारलं म्हणून मोठेपणी तिची मुलं काढून घ्यायची, आणि त्याला शास्त्राचा आधार आपण पुरवायचा.

मला आपल्याच लोकांशीही थोडं भांडायचं आहे. बाललैंगिक अत्याचारावरची आपली पोस्टरं, पथनाट्यं घ्या. शेवटी मुलगी कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली, खाली ‘आयुष्य उद्ध्वस्त’. मला हे कधीच पटलं नाही. अत्याचार सोसलेल्या कितीतरी जणी शिकल्या, नोकऱ्या केल्या, संसार केले किंवा न करता मजेत राहिल्या, आपल्या मोर्चात सगळ्यात मोठ्याने घोषणा दिल्या. त्या आजारी पडल्या नाहीत म्हणून त्यांच्यावर झालेला गुन्हा लहान होतो का? आपण जेव्हा म्हणतो की ‘हे वाईट, कारण याने पुढे नैराश्य येतं’, तेव्हा आपणच समोरच्याच्या हातात तराजू देतो: दाखव नैराश्य, मग मानतो. ज्या मुलीला हे आठवत नाही किंवा जिला त्याचा त्रास होत नाही, तिच्या मामाने मग काहीच केलं नाही असं ठरतं. कुणाचं घर फोडलं तर चोरी शाबीत व्हायला घरमालकाला निद्रानाश व्हावा लागत नाही.

आजार आहे तिथे उपचार हवेत, चांगले हवेत, तालुक्याला हवेत, आणि तिच्याकडून पुरावा न मागता हवेत. विडमबाईंच्या अभ्यासाचा माझ्या लेखी अर्थ हाच: जी सांगते ती त्रासात असण्याची शक्यता जास्त, मग तिच्या हातात कोर्टाचा कागद असो वा नसो. दारात आलेल्या बाईला आधी कागद विचारणारी व्यवस्था या आकड्यांपुढेही टिकत नाही.

बाल्डविन यांच्या त्या २०१९ च्या अभ्यासात एक छोटीशी गोष्ट आहे जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नोंद आणि सांगणं यांचा मेळ कागदावर टिकमार्क करण्यापेक्षा समोरासमोरच्या मुलाखतीत जास्त बसला. बसून विचारलं की जास्त कळतं, हे शास्त्राने आकड्यात सांगितलं! आमच्या केंद्रात पहिल्या भेटीत बालपणाबद्दल काहीच विचारत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाई स्वतःच कुठूनतरी तिथे पोचते, बहुतेक वेळा मुलीची गोष्ट सांगता सांगता. तेव्हा जे लिहायचं ते तिला विचारून, तिच्या शब्दांत, आणि नको म्हणाली तर नाही.

त्या दहा प्रश्नांच्या बेरजेत आणखी एक गोष्ट हरवते, तीच मला सगळ्यात खटकते. बाईला किती मार्क पडले ते कळतं. ज्याने केलं तो बेरीज करताना पुसला जातो. २००७ च्या सरकारी अहवालाने निदान तेवढं विचारलं होतं. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. आम्ही त्या संस्थेला कळवलं आहे की सर्वेक्षण करायचं तर नावं न घेता करा, गावभर करा, करणारा कोण तेही विचारा, आणि आमच्या फाइलींना हात लावू नका. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या केंद्रांकडेही असे फॉर्म आले असतील, तर त्यांची एकेक कोरी प्रत आणि तुम्ही काय उत्तर दिलंत ते आम्हाला पाठवा.